दुसरं सेंटर कुठं हवं?

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे टेबलावर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. खरा कॉम्प्युटर चालतो दूरच्या डेटा सेंटरमध्ये. तेच बंद पडलं तर काम थांबू नये, म्हणून दुसरं सेंटर ठेवतात.

पण दुसरं म्हणजे शेजारचं नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं आणि त्याच आवारातली बाकीची तीनही बंद पडली. ज्यांचा बॅकअपही तिथंच होता, त्यांचा डेटा कायमचा गेला.

आखणी करताना आधी दोन गोष्टी ठरवायच्या: काम किती वेळात परत सुरू व्हायला हवं, आणि शेवटच्या किती मिनिटांचं काम गेलं तर चालेल. विंडोज, वर्ड वगैरे एका मूळ प्रतीवरून कितीदाही नव्यानं उभं करता येतं. तुमचा अर्धा लिहिलेला निबंध मात्र एकच असतो. म्हणून फायली आणि अगदी देवनागरी कीबोर्डसारख्या सेटिंग्जसुद्धा दुसऱ्या सेंटरला सतत पोचत राहायला हव्यात. तरी एवढ्यानं भागत नाही. इथं चुकून पुसलेलं तिथंही पुसलं जातं, म्हणून जुन्या तारखांच्या प्रती वेगळ्या ठेवायच्या.

दोन्ही सेंटर्स रोज वापरात असतील, तर कुणावरही निम्म्याहून जास्त भार नको. एक पडलं की सगळे दुसऱ्याकडेच धावतात. आणि अधूनमधून एक मुद्दाम बंद करून बघायचं. तालमीशिवाय प्रयोग लावत नाहीत, तसंच हे.