रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमान : जुळणी व दुरुस्ती

जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाजवळील प्रेषकातून निघणाऱ्या रेडिओ संदेशांनुसार उडणारे लहान, मानवरहित विमान. छंद, क्रीडा व वैमानिकीचे प्राथमिक शिक्षण हे त्याचे मुख्य उपयोग होत. नवशिक्याच्या हातून असे विमान पडणे व मोडणे जवळजवळ अपरिहार्य असते. त्यामुळे जुळणी व दुरुस्ती ही दोन्ही कामे या छंदाची अंगेच मानली जातात. दोन्हींचे उद्दिष्ट एकच असते : भागांची परस्परांशी असलेली मांडणी अचूक राखणे आणि विमानाचा गुरुत्वमध्य योग्य जागी ठेवणे.

इतिहास : फ्रेंच संशोधक आल्फाँस पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिस येथे पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे प्रतिकृती विमान सु. ४० मी. अंतर उडवून दाखविले. पुच्छामुळे स्थिर राहणाऱ्या विमानाचे ते एक आद्य उदाहरण होय. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये ‘गफ’ हे रेडिओ-नियंत्रित विमान उडविले. ते आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. प्रारंभीच्या निर्वात नलिकांची जागा पुढे ट्रँझिस्टरांनी घेतली. एकविसाव्या शतकात लिथियम-पॉलिमर घटमाला, ब्रशविरहित विद्युत् चलित्रे व २·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेवरील प्रेषक प्रचारात आल्याने ही विमाने हलकी व हाताळण्यास सोपी झाली.

रचना : नवशिक्यासाठी सामान्यतः धडाच्या माथ्यावर पंख असलेले, सु. १ ते १·५ मी. पंखविस्ताराचे विमान निवडतात. पंखांची टोके मुळांपेक्षा किंचित उंच असतात. एक पंख खाली गेल्यास विमान त्या बाजूस घसरू लागते. अशा वेळी खालच्या पंखावर हवा अधिक कोनात येऊन त्याचे उत्थापन वाढते व विमान आपोआप समतल होऊ लागते. धड व पंख फेसाळ प्लॅस्टिकचे किंवा बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे असतात. पंखांच्या मागील कडेवरील हलत्या पंखिका विमानास कुशीवर कलवितात, आडव्या पुच्छावरील उत्थापक नाक वर-खाली करतो व उभ्या पुच्छावरील सुकाणू नाक डावी-उजवीकडे वळवितो.

प्रेषकाचे संदेश विमानातील ग्राही स्वीकारतो व सर्व्होंना पुरवितो. सर्व्हो म्हणजे आदेशानुसार ठराविक कोनातून फिरणारे, दंतचक्रांनी जोडलेले छोटे चलित्र होय. रूढ पद्धतीत सु. १·५ सहस्रांश सेकंदाचा स्पंद मिळाल्यास त्याचा बाहू मध्यावर राहतो आणि स्पंद लांबल्यास वा आखडल्यास तो एका वा दुसऱ्या बाजूस फिरतो. चलित्राचा वेग स्वतंत्र वेगनियंत्रक ठरवितो.

जुळणी : प्रथम पंखाचे दोन भाग मधल्या नळीवर किंवा दांडीवर बसवून धडाशी जोडतात. प्रत्येक पंखटोकापासून पुच्छाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस समान भरले पाहिजे. विमान मागून पाहिले असता आडवे पुच्छ पंखाशी समांतर व उभे पुच्छ त्याच्याशी काटकोनात दिसावे. पंखाला पीळ असल्यास विमान सतत एका बाजूस कलते आणि वेग कमी होताच त्या बाजूचा पंख एकाएकी खाली जातो.

सर्व्होंचे बाहू बसविण्यापूर्वी प्रेषक व ग्राही चालू करून सर्व्हो मध्यावर आणतात व मग बाहू सळईशी काटकोनात बसवितात. या व पुढील सर्व चाचण्यांच्या वेळी प्रचालक पंखा काढून ठेवणे आवश्यक असते. नियंत्रणांची दिशा विमानाच्या मागे उभे राहून तपासतात. दांडा उजवीकडे नेल्यास उजवी पंखिका वर व डावी खाली गेली पाहिजे. दांडा स्वतःकडे ओढल्यास उत्थापकाची मागील कडा वर उचलली पाहिजे. एखादे नियंत्रण उलट जोडले गेले असल्यास चालकाने चूक सुधारण्यासाठी दिलेला प्रत्येक आदेश ती वाढवितो व विमान उड्डाण होताच कोसळते.

गुरुत्वमध्य निर्मात्याने दर्शविलेल्या जागी असावा. ती माहिती नसल्यास पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखरुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतर धरतात. २० सेंमी. रुंदीच्या आयताकृती पंखात हे अंतर सु. ५ ते ६·५ सेंमी. भरते. घटमाला जागेवर ठेवून दोन्ही पंखांखाली या रेषेवर बोटे टेकविली असता विमान समतल राहिले पाहिजे. नाक थोडे जड असल्यास विमान मंद प्रतिसाद देते, परंतु ताब्यात राहते. पुच्छ जड असल्यास मात्र ते अस्थिर होऊन सावरता येत नाही. समतोल साधण्यासाठी शिसे घालण्यापूर्वी घटमाला पुढे-मागे सरकवून पाहतात.

दुरुस्ती : विमान पडल्यावर सर्वप्रथम घटमाला सोडवितात, कारण अडकलेले चलित्र विद्युत् प्रवाह ओढत राहून पेट घेऊ शकते. फुगलेली, चेपलेली वा भोक पडलेली लिथियम घटमाला पुन्हा प्रभारित करीत नाहीत. ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर, उघड्यावर ठेवतात. नंतर केवळ मोडलेला भाग न पाहता संपूर्ण विमान तपासतात. नाकावर बसलेला आघात धडातून पंखाच्या मुळापर्यंत पोहोचतो व तेथे बारीक चीर पाडतो. सर्व्होचा बाहू हाताने हळू फिरविला असता तो अडखळल्यास दंतचक्राचे दात तुटल्याचे समजावे.

मोडलेल्या कडा साफ न करता प्रथम एकमेकींत बसवून पाहतात, कारण ओबडधोबड कडांमुळेच मूळ मांडणी अचूक सापडते. सामान्य सायनोॲक्रिलेट गोंदाने पॉलिस्टायरीन फेस विरघळतो. त्यासाठी फेसास अपाय न करणारा गोंद किंवा इपॉक्सी वापरतात. गोंद वाळेपर्यंत भाग टाचण्यांनी किंवा चिकटपट्टीने सरळ धरून ठेवतात. पंख मध्यावर मोडला असल्यास नुसता गोंद पुरत नाही. उड्डाणात पंखाच्या खालच्या पृष्ठावर ताण व वरच्यावर दाब येतो. म्हणून दोन्ही पृष्ठांत लांबीच्या दिशेने खाच पाडून कार्बन तंतूंची पट्टी बसवितात. बाल्साची मोडलेली दांडी समोरासमोर न जोडता तिरपा छेद देऊन जोडतात, त्यामुळे चिकटणारे क्षेत्र वाढते.

प्रचालक पंखा मात्र कधीही चिकटवून वापरीत नाहीत. २५ सेंमी. व्यासाचा पंखा मिनिटाला ८,००० फेरे घेत असताना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सु. १०५ मी. असतो. निसटलेला तुकडा गंभीर इजा करू शकतो. चलित्राचा वाकलेला आसही बदलावा लागतो.

दुरुस्तीने वाढणारे वजन नेमके कोठे पडते, यास विशेष महत्त्व आहे. पुच्छ गुरुत्वमध्याच्या ६० सेंमी. मागे व नाक २० सेंमी. पुढे असल्यास पुच्छावरील १० ग्रॅ. गोंदाचा समतोल राखण्यास नाकावर ३० ग्रॅ. वजन घालावे लागते. अशा रीतीने वरचेवर दुरुस्त केलेले विमान जड होते, त्यास उडत राहण्यास अधिक वेग लागतो व पुढचा आघात अधिक जोराचा होतो. म्हणून पुच्छाकडील दुरुस्ती कमीत कमी गोंदात करतात, आणि दुरुस्तीनंतर मांडणी, नियंत्रणांची दिशा व गुरुत्वमध्य या तिन्ही गोष्टी नव्या विमानाप्रमाणे पुन्हा तपासतात.

उड्डाण व सुरक्षितता : उड्डाणापूर्वी प्रेषक आधी व विमानाची घटमाला नंतर जोडतात, बंद करताना हा क्रम उलटा असतो. प्रेषकाची शक्ती कमी करून काही अंतरावरून नियंत्रणे तपासतात. संदेश तुटल्यास चलित्र आपोआप बंद पडेल याचीही खात्री करून घेतात. पहिले उड्डाण वारा मंद असताना, वस्ती, रस्ते व विजेच्या तारा यांपासून दूर असलेल्या मोकळ्या मैदानावर करणे इष्ट असते. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण वा करमणुकीसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या प्रतिकृती विमानांचा स्वतंत्र उल्लेख असून हवाई क्षेत्राचे लाल, पिवळा व हिरवा असे विभाग केलेले आहेत. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतील छात्रांच्या शिक्षणक्रमात प्रतिकृती विमानविद्येचा समावेश आहे. उत्थापन, समतोल व नियंत्रण यांचे जे ज्ञान पुस्तकातून अमूर्त स्वरूपात मिळते, ते मोडलेला पंख पुन्हा सरळ बसविताना विद्यार्थ्यास प्रत्यक्ष हाताने पडताळून पाहता येते.