भाड्याची मोटार, परका रस्ता आणि विमा

मंडळाच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लिहायचे म्हणजे लसीकरण, बाळाचा आहार किंवा परीक्षेचा ताण हे विषय जणू ठरलेलेच. यंदा मात्र संपादकांच्या अनुमतीने मी माझ्या शास्त्राबाहेरचा विषय घेत आहे. आपल्यापैकी बहुतेकांची मुले आज परदेशात आहेत. त्यांच्याकडे जाणे होते, आणि तिथे मोटार भाड्याने घेऊन चार ठिकाणे पाहावीत असे वाटणेही स्वाभाविक आहे. त्या मोटारीबरोबर जो विमा घ्यावा लागतो, त्याविषयी मी अज्ञानाची थोडी किंमत मोजली आहे. ती किंमत कितीतरी मोठी होऊ शकली असती, म्हणून हा लेख.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे गेलो होतो. मुलाला रजा नव्हती. तेव्हा आपणच मोटार घेऊन समुद्रकाठाने आठ दिवस फिरावे असे ठरले. बडोद्याच्या रस्त्यांवर, तेही मांडवीच्या गर्दीत, पंचवीस वर्षे मोटार चालवलेल्या माणसाला अमेरिकेतील प्रशस्त रस्त्यांची भीती ती काय वाटणार! मुलाने निघताना सांगितले, ‘‘बाबा, इन्शुरन्स नीट बघून घ्या.’’ मी मान डोलावली.

गाडी देणाऱ्या कंपनीच्या खिडकीपाशी एका तरुणाने माझ्यापुढे काचेचा पडदा सरकवला. त्यावर एकामागून एक चौकटी येत होत्या. हे हवे का, ते हवे का, प्रत्येकाचे रोजचे इतके डॉलर. ही सारी ग्राहकाचा खिसा कापण्याची युक्ती आहे, असे माझे आधीच ठरलेले मत होते. शिवाय ज्या संकेतस्थळावरून मी आरक्षण केले होते, तिथे ‘संपूर्ण संरक्षण’ नावाचे काहीतरी विकतही घेतले होते. मी सर्व चौकटींना ‘नको’ म्हणालो आणि सही केली. शस्त्रक्रियेपूर्वी पालकांची सही घेताना ‘वाचलेत ना? समजले ना?’ असे दोनदा विचारणारा मी, स्वतः एक अक्षर न वाचता मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी माँटेरे गावात अपघात झाला. तिथे चालक डावीकडे बसतो आणि गाडीचा उरलेला देह त्याच्या उजवीकडे असतो. आपल्या शरीराला सवय नेमकी उलट. त्यामुळे नवखा चालक नकळत उजव्या कडेला सरकत जातो. मीही सरकलो, आणि कडेला उभ्या असलेल्या एका गाडीला आमची गाडी आरशापासून मागच्या दारापर्यंत घासत गेली. त्या गाडीत पुढे एक तरुण आई होती आणि मागे लहान मुलाच्या आसनात दीड वर्षाचे मूल होते.

त्या क्षणी काय वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. मूल जोरजोराने रडत होते, दोन्ही हात सारखे हलवत होते. बालरोगतज्ज्ञाला रडणारे मूल पाहून धीर येतो. गप्प पडलेल्या मुलाची आम्हाला धास्ती असते. माझे हात त्याला तपासायला शिवशिवत होते. पण तिथे मी डॉक्टर नव्हतो, धडक देणारा चालक होतो. रुग्णवाहिका आली, मुलाला खबरदारी म्हणून रुग्णालयात नेले आणि दोन तासांत ते सुखरूप परत आले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार दोन वर्षांखालील मुलाला, ते बरेच मोठ्या चणीचे नसल्यास, मागच्या बाजूला पाठमोऱ्या आसनात बसवावे लागते. ते मूल तसेच बसवलेले होते. त्या आसनाचे ऋण मी आजही मानतो आणि बडोद्यातील प्रत्येक पालकाला त्याविषयी सांगतो.

रात्री मुलाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘‘बाबा, लायबिलिटी घेतली होती ना?’’ मला तो शब्द अशा अर्थाने ठाऊकच नव्हता. त्यानंतर जे शिकलो, ते आता क्रमाने मांडतो.

भाड्याच्या मोटारीच्या बाबतीत दोन संपूर्ण वेगळ्या जोखमी असतात. पहिली, आपण घेतलेल्या गाडीचे नुकसान. दुसरी, आपल्या गाडीने दुसऱ्या माणसांचे आणि त्यांच्या मालमत्तेचे केलेले नुकसान. वैद्यकीय उपमा द्यायची तर पहिली जोखीम आपल्या रुग्णालयाच्या इमारतीच्या विम्यासारखी आहे, आणि दुसरी आपण व्यावसायिक जबाबदारीसाठी घेतो त्या इंडेम्निटी पॉलिसीसारखी. इमारतीच्या नुकसानीला मर्यादा असते, कारण इमारतीची किंमत ठरलेली असते. रुग्णाच्या दाव्याला तशी मर्यादा नसते. तरीही प्रवासी विचार करतो तो पहिल्याच जोखमीचा, कारण ओरखडा डोळ्यांना दिसतो.

पहिल्या जोखमीसाठी कंपनी ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ किंवा ‘लॉस डॅमेज वेव्हर’ देऊ करते. तांत्रिक अर्थाने हा विमा नव्हेच. ‘तुमच्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क आम्ही सोडतो’ असे ते कंपनीचे वचन असते, आणि करार मोडला की वचनही संपते. दारू पिऊन चालवणे, कच्च्या रस्त्यावर नेणे, करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी देणे, चुकीचे इंधन भरणे, यांपैकी काहीही झाले तर ते गमावले जाऊ शकते. टायर, काच, गाडीचा तळ आणि छप्पर यांना ते अनेकदा लागूच नसते.

युरोपात हे संरक्षण बहुधा भाड्यातच धरलेले असते, पण त्यात ‘एक्सेस’ असतो. एक्सेस म्हणजे नुकसानीचा जो पहिला हिस्सा आपण स्वतः सोसायचा, तो. ही रक्कम हजार-दोन हजार युरो असणे नवलाचे नाही. तेवढी रक्कम आपल्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते. जादा पैसे भरून ती कमी किंवा शून्य करता येते. अमेरिकेत मात्र हे संरक्षण घेतले तर एक्सेस बहुधा नसतोच. न घेतले तर गाडीच्या पूर्ण किमतीपर्यंतची जबाबदारी आपली.

मी संकेतस्थळावर घेतलेले ‘संपूर्ण संरक्षण’ या दोहोंपैकी काहीच नव्हते. ती परतफेडीची पॉलिसी होती. कंपनीने माझ्या कार्डावरून १,९०० डॉलर कापले. पोलिसांचा अहवाल, करार, दुरुस्तीचे बिल, छायाचित्रे असे बाड पाठवल्यावर साडेतीन महिन्यांनी ते परत मिळाले. गाडी दुरुस्तीत असताना बुडालेले भाडे आणि कंपनीचा कागदोपत्री खर्च मात्र परत मिळाला नाही. अशी पॉलिसी वाईट नव्हे, बहुधा ती स्वस्तही असते. फक्त आधी पैसे आपले जातात आणि मागाहून परत येतात, हे माहीत असावे.

दुसरी जोखीम ही खरी गोष्ट. आपण भारतीय इथे फसतो त्यामागे कारण आहे. आपल्याकडे खाजगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्यात मृत्यू वा शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते. त्यामुळे ‘थर्ड पार्टी तर असतेच’ असे म्हणून आपण निर्धास्त असतो. ब्रिटनमध्येही शारीरिक इजेसाठी ते अमर्याद आहे. युरोपीय संघात कायद्याने ठरवलेली किमान रक्कमच लक्षावधी युरोंची आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा किमान आकडा वेगळा, आणि तो चकित करण्याइतका लहान. मी गेलो तेव्हा कॅलिफोर्नियात तो एका जखमी व्यक्तीमागे १५,००० डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ३०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी ५,००० डॉलर होता. १ जानेवारी २०२५ पासून हे आकडे अनुक्रमे ३०,०००, ६०,००० आणि १५,००० झाले आहेत. अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल पाहिलेल्या कोणालाही या रकमा किती दिवस पुरतील ते सांगायला नको. त्यापुढचे सर्व चालकाच्या डोक्यावर. २००५ मध्ये तिथे झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार, निष्काळजीपणा नसेल तर गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला केवळ मालक म्हणून जबाबदार धरता येत नाही. म्हणजे दावेदार आपल्याकडेच वळणार.

माझ्या करारात एवढेच किमान संरक्षण होते. समोरच्या गाडीच्या दुरुस्तीचे बिल ३,४०० डॉलर आले, म्हणजे ५,००० च्या आत बसले. ईश्वरकृपेने मुलाला काही झाले नव्हते, आणि त्या आईने दावा केला नाही. पण कॅलिफोर्नियात इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते आणि अज्ञान बालकासाठी ती आणखी लांबते. पुढची दोन वर्षे परदेशी शिक्क्याचे पाकीट दिसले की माझ्या छातीत धस्स होत असे. आपल्यापैकी ज्यांना ग्राहक न्यायालयाची नोटीस आली आहे, त्यांना ही भावना अधिक खुलासा न करता कळेल.

या जोखमीसाठी अमेरिकेत ‘सप्लिमेंटल लायबिलिटी इन्शुरन्स’ मिळतो. त्याची मर्यादा साधारणतः तीन लाखांपासून दहा लाख डॉलरपर्यंत असते. मला तो रोज १४ डॉलरला देऊ केला होता. आठ दिवसांचे ११२ डॉलर मी वाचवले, आणि त्यासाठी आयुष्यभराची कमाई टांगणीला लावली.

‘पण आमची ओव्हरसीज मेडिक्लेम आहे,’ असे कोणी म्हणेल. ती जरूर घ्यावी. मात्र तिच्यातील ‘पर्सनल लायबिलिटी’च्या कलमातून मोटार चालवताना घडलेले नुकसान सहसा वगळलेले असते. मुलाची तिथली मोटार पॉलिसी मुलगा गाडी भाड्याने घेईल तेव्हा उपयोगी पडू शकते; वडिलांनी स्वतःच्या नावे घेतलेल्या गाडीला ती लागू होईलच असे धरू नये. क्रेडिट कार्डाचे संरक्षण असले तरी ते बहुधा भाड्याच्या गाडीपुरते असते, समोरच्या माणसापुरते नव्हे. खिडकीपाशी दिला जाणारा वैयक्तिक अपघात विमा आणि सामानाचा विमा मात्र चांगली प्रवास पॉलिसी असल्यास खुशाल नाकारावा.

देशागणिक औषध बदलते. न्यूझीलंडमध्ये मोटारीचा विमा सक्तीचा नाही. पण १९७४ पासून तिथे सरकारी अपघात भरपाई योजना आहे. अपघातातील इजेचे उपचार परदेशी पाहुण्यालाही तीतून मिळतात, आणि इजेसाठी चालकावर भरपाईचा दावा सहसा करता येत नाही. तिथे प्रश्न उरतो तो मुख्यतः मालमत्तेचा. आइसलँडमध्ये वाऱ्याबरोबर येणारी वाळू आणि राख गाडीचा रंग खरवडते, त्यासाठी वेगळे संरक्षण विकले जाते. वाऱ्याने दार उलटे फिरून मोडले तर बहुतेकदा भरपाई नाही, आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेले तर खर्च आपलाच. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी परवानगीशिवाय गाडी नेण्यास बंदी असते. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. कोणताही विमा दंड भरत नाही.

निघण्यापूर्वी आता मी पाच प्रश्न कागदावर लिहून ठेवतो आणि उत्तरे लेखी घेतो. समोरच्या माणसाच्या नुकसानीसाठी मर्यादा किती? माझ्या गाडीच्या नुकसानीत माझा हिस्सा किती? कोणते भाग आणि कोणते रस्ते वगळले आहेत? पैसे कंपनी भरणार की मी भरून परत मागायचे? गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात आहे का? अमेरिकेसाठी आरक्षण करताना आपला देश भारत असा खरा नोंदवावा. परदेशी ग्राहकांसाठीच्या दरात दोन्ही संरक्षणे अनेकदा एकत्र आणि स्वस्त मिळतात. आरटीओकडून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासह जवळ ठेवावा, कारण परवाना ग्राह्य नसेल तर विमाही उभा राहत नाही. गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. अपघात झालाच तर पोलिसांचा अहवाल घेतल्याशिवाय जागा सोडू नये.

शेवटी एक गोष्ट. लस घेतलेल्या मुलाला आजार झालाच नाही, म्हणून लसीचे पैसे वाया गेले असे कोणी सुज्ञ पालक म्हणत नाही. २०२३ मध्ये आम्ही पुन्हा सॅन होजेला गेलो, गाडी घेतली, आणि सगळे कलम चष्मा लावून वाचले. खिडकीपाशी रांग खोळंबली होती, कर्मचारी चुळबुळत होता. मी त्याला शांतपणे म्हणालो, ‘‘मी डॉक्टर आहे, समजल्याशिवाय संमतीची सही करत नाही.’’ हे वाक्य मला सहा वर्षे आधी सुचायला हवे होते.