दिसते एक, अर्थ दुसरा : लॅटिनची ‘डिपोनंट’ क्रियापदे

रेशन, ट्यूशन, पेशंट, प्रोफेसर, इमिटेशन. यातला एखादा तरी शब्द आपल्या घरात रोज कानावर पडतो. हे शब्द इंग्रजीतून आले आणि इंग्रजीत ते लॅटिनमधून आले, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण हे पाचही शब्द लॅटिनच्या एकाच विक्षिप्त गटातल्या क्रियापदांपासून निघाले आहेत. हिशेब करणे, सांभाळणे, सोसणे, जाहीरपणे सांगणे आणि नक्कल करणे ही ती क्रियापदे. व्याकरणात या गटाला ‘डिपोनंट’ म्हणतात. लॅटिन शिकणारा मुलगा पहिल्यांदा दचकतो तो बहुधा याच पानावर.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आमचा लॅटिनशी संबंध ‘पर अ‍ॅनम’पुरता. तरी सांगतो, हे प्रकरण वाटते तितके अवघड नाही.

‘पोर्तात’ म्हणजे तो वाहून नेतो. स्टेशनवरचा पोर्टर याच धातूचा. त्याला शेवटी ‘उर’ लावा. ‘पोर्तातुर’ म्हणजे त्याला वाहून नेले जाते. करणारा होता, तो सोसणारा झाला. इथवर सरळ आहे. आता ‘सेक्वितुर’ घ्या. शेवट तोच, म्हणून विद्यार्थी अर्थ लावतो, ‘त्याच्यामागून कोणी तरी जाते.’ खरा अर्थ उलटा आहे : तो कुणाच्या तरी मागून जातो. ‘दिस्किपुलुस मागिस्त्रुम सेक्वितुर’ म्हणजे शिष्य गुरूच्या मागून जातो. चुकीचा अर्थ लावला तर गुरूच शिष्याच्या मागे धावू लागेल! ओळखायची खूण अशी की ‘मागिस्त्रुम’ला कर्माचा प्रत्यय आहे, आणि खऱ्या कर्मणी रूपाला असे कर्म नसते. शब्दकोशातही ही क्रियापदे थेट ‘सेक्वोर’, ‘लोक्वोर’ अशी ‘ओर’ने संपणारीच दिलेली असतात. त्यांना साधे रूपच नाही.

आपल्या मराठीकडे पाहा. ‘तिने वही आणली’ म्हणतो, पण ‘तिने वही विसरली’ म्हणत नाही. ‘ती वही विसरली’ म्हणतो. ‘ती बोलली’, ‘ती धडा शिकली’ हीही त्याच चालीची. चार वर्षांचे पोरही यात चुकत नाही आणि कारणही विचारत नाही. लॅटिनमध्येही विसरणे आणि बोलणे ही दोन्ही क्रियापदे विक्षिप्तांच्या यादीत आहेत. दोन्हीकडची कारणे वेगळी आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. भूतकाळात तर साम्य आणखी जवळ येते : ‘लोकुतुस एस्त’ म्हणजे तो बोलला, ‘लोकुता एस्त’ म्हणजे ती बोलली. लिंगाप्रमाणे रूप बदलले.

डिपोनंट हे नाव आले ‘खाली ठेवणे’ या क्रियापदावरून. बँकेतले डिपॉझिटही त्याचेच. जुन्या रोमन व्याकरणकारांना वाटले की या क्रियापदांनी आपला कर्मणी अर्थ खाली ठेवून दिला. आमच्या मते हे नावच मुलांची दिशाभूल करते. 1816 साली फ्रांझ बोप या जर्मन अभ्यासकाने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, पर्शियन आणि जर्मन क्रियापदांची रूपे शेजारी शेजारी मांडली आणि या भाषांचे नाते उघड झाले. लॅटिनचे ‘मोरितुर’ आणि संस्कृतचे ‘म्रियते’ एकाच घरचे. ‘सेक्वितुर’ आणि वैदिक ‘सचते’ही तसेच. संस्कृतातली ही रूपे आत्मनेपदाची आहेत. क्रिया करणाऱ्याच्याच ठायी घडते, हा त्यांचा जुना भाव. मरणे, जन्मणे, सोसणे, मागून जाणे या क्रियांत करणारा स्वतःच गुंतलेला असतो. तेव्हा या क्रियापदांनी ठेवून काहीच दिले नव्हते, एक जुनी खूण तेवढी जपली होती.

लोकांच्या बोलीने मात्र ती खूण टाकून दिली. संस्कृतात ‘वन्दे’, तर पालीत ‘वन्दामि’, हे आपल्या तोंडात बसलेले आहे. पालीत आत्मनेपद जवळजवळ झडले, थोडेफार जुन्या गाथांत उरले. रोममध्येही तेच घडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेत्रोनियसच्या कादंबरीत एक मोठी मेजवानी आहे. पाहुणे बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले. त्यातला चिंध्यांचा धंदा करणारा एखिओन एका शिकलेल्या पाहुण्याला सुनावतो, तेव्हा ‘तू बोलतोस’ यासाठी ‘लोक्वेरिस’ न म्हणता ‘लोक्विस’ म्हणतो. डिपोनंटला तो साध्या क्रियापदासारखे चालवतो. हे लेखकाने मुद्दाम घातले आहे. वाचणाऱ्या शिष्टांनी हसावे म्हणून.

पण पुढची गंमत त्या शिष्टांना कुठे माहीत होती! इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच या भाषा निघाल्या त्या बोलीतूनच. आज इटलीत ‘तो मागून जातो’ याला ‘सेग्वे’ म्हणतात आणि ‘तो मरतो’ याला ‘मुओरे’. शेवटचे ‘तुर’ पार गेले. एखिओन ज्या वाटेने बोलला, त्याच वाटेने सगळी भाषा गेली. भूतकाळ तेवढा टिकला : ‘ती मेली’ म्हणताना इटालियन माणूस अजून ‘ए मोर्ता’ म्हणतो, ते लॅटिनच्या ‘मोर्तुआ एस्त’चेच झिजलेले रूप आहे.