ल-गा-गा, ल-गा-गा

परवा सायनच्या अलीकडे लोकल वीस मिनिटं अडकली. शेजारच्या आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. कान दिला तर मनाचे श्लोक!

लहानपणी आजोबा दिवेलागणीला म्हणून घ्यायचे, तेव्हा शिक्षाच वाटायची.

समर्थ रामदासांचे हे 205 श्लोक. वृत्त भुजंगप्रयात: चरणात 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु हा गट चार वेळा. ल-गा-गा, ल-गा-गा... मांडीवर बोटांनी ताल धरून बघा. घाई करताच येत नाही, दोन गुरू लगेच ब्रेक लावतात. चरण संपला की आपसूक श्वास घेतला जातो.

मला आवडतं ते मात्र वेगळंच. इथे उपदेश स्वतःच्याच मनाला आहे. तोही सुरुवातीलाच 'सज्जना' अशी हाक मारून. (साहेबांचा मेल आल्यावर मी स्वतःला जे म्हणतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

वर्षभर ठाणे सुटलं की एकच श्लोक म्हणतो, सावकाश, तीनदा. राग गेलाय असं नाही, बायकोला विचारा. पण त्या मेलला उत्तर आता दादर आल्यावर देतो.

तुमच्या घरी कोणत्या चालीत म्हणायचे? वृत्ताबद्दल काही अडलं तर खुशाल विचारा.