एकाच पंगतीला

आमच्या इथे न्यू जर्सीत नाताळ आला की वसईचे कॅथलिक आणि आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट एकत्र जमतो. रेव्हरंड टिळकांची भजनं होतात. पेटी कोणाची, झांज कोणाची, कोणी विचारत नाही. पण प्रभुभोजनाची वेळ आली की आपापल्या चर्चची वाट! माझा वसईचा मित्र एकदा हळूच म्हणाला, "अरे, करंज्या एका ताटात चालतात, मग हेच का नाही?" मला उत्तर सुचलं नाही.

जोडणी होतच नाही असं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन वगैरे सहा पंथ मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. बोलणी १९२९ पासून चालू होती. (आपल्या मंडळाच्या घटनेलाही एवढा वेळ लागला नव्हता!) अवघड सांधा बाप्तिस्म्याचा. तान्ह्या बाळाला द्यायचा, की जाणत्या वयात? शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. मेथडिस्टांचा एक मोठा गट मात्र आयत्या वेळी बाहेर राहिला.

टिळक तर त्याही पुढे गेले होते. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मला हे नागपूरच्या करारापेक्षा मोठं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात त्या मित्राची आई इथेच वारली. त्यांच्या घरी रोझरीला आम्हीही बसलो. माळ कशी धरायची, ते त्याच्या धाकट्या मुलीनं मला दाखवलं.