देवयानी आदळली तरी कशावर आदळेल?

नोव्हेंबरच्या आकाशदर्शनात देवयानीचा धुरकट ठिपका दाखवला, की गर्दीतून एक वाक्य हमखास येतं: "हीच ना ती, आपल्यावर आदळणारी?" लगेच दुसरा कुणीतरी सूर्याचे तुकडे करून मोकळा होतो. दरवर्षी! म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला साधारण 110 किलोमीटर वेगाने आपल्या आकाशगंगेकडे येते आहे, इथवर बरोबर. पण 2012 साली हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून टक्कर जितकी अटळ वाटली होती, तितकी ती आता राहिलेली नाही. टिल सावाला आणि सहकाऱ्यांचा 2025 मधला 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'तला अभ्यास काढून बघा. त्यांनी हबलसोबत गाया यानाची मोजमापं घेतली आणि दोन शेजाऱ्यांची ओढही हिशेबात धरली. त्रिकोण तारकासमूहातली एम 33 टक्करीची शक्यता वाढवते, मोठा मॅजेलॅनिक मेघ ती कमी करतो. येत्या 1,000 कोटी वर्षांत टक्कर होईल की नाही? उत्तर आलं निम्मं-निम्मं, म्हणजे नाणेफेकच.

बरं, झालीच समजा. सूर्य दोन सेंटिमीटरची गोटी मानून पुण्यात ठेवला, तर सर्वांत जवळच्या ताऱ्याची गोटी पावणेसहाशे किलोमीटरवर, जवळजवळ नागपुरात येते. मधे सगळं मोकळं. असे दोन थवे एकमेकांतून गेले तर गोट्या आपटतील कशाला?

आदळतो तो वायू. तो दाबला जाऊन नव्या ताऱ्यांचं पेवच फुटतं. हस्त नक्षत्राच्या दिशेला 'अँटेनी' या दोन दीर्घिकांत हे आज चालू आहे. त्यांच्या लांबलचक मिश्या म्हणजे गुरुत्वाकर्षणाने बाहेर ओढलेले तारे आणि वायू, हे टूमरे बंधूंनी 1972 सालीच संगणकावर करून दाखवलं होतं.

आणि ज्या आकाशगंगेची एवढी काळजी, ती स्वतः काय कमी आहे? 2018 मध्ये गायाच्या नोंदींवरून दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की सुमारे 1,000 कोटी वर्षांपूर्वी तिने एक बरीच मोठी दीर्घिका गिळली. त्या दीर्घिकेचे तारे त्यांच्या वेगळ्या कक्षांवरून अजून ओळखू येतात. धनू राशीतल्या, 1994 साली सापडलेल्या खुज्या दीर्घिकेचे लचके तोडणं तर आत्ताही सुरूच आहे. कुणाची झोप उडाली?

बाकीचे गैरसमज भराभर. विश्व प्रसरण पावतं, मग देवयानी जवळ कशी येते? एवढ्या जवळच्या अंतरात गुरुत्वाकर्षण भारी पडतं. लंबवर्तुळाकार दीर्घिका वयाने वाढून सर्पिल होतात? खगोलशास्त्रज्ञ हबलच्या दीर्घिका-वर्गीकरणाच्या आकृतीतला डावी-उजवीकडचा क्रम वयाचा नाही. उलट सर्पिल दीर्घिका विलीन होऊन लंबवर्तुळाकार बनू शकतात. खुज्या दीर्घिका म्हणजे किरकोळ माल? मग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने अशा जवळच्या कितीतरी खुज्या दीर्घिकांतला हायड्रोजन चिकाटीने कशाला मोजला असता? तारे घडायचे ते शेवटी त्यातूनच.

आणि कृपा करून देवयानीला 'शेजारची आकाशगंगा' म्हणू नका. आकाशगंगा आपली, एकच. बाकीच्या दीर्घिका.