उजवीकडे म्हटलं की डावीकडे

११ नोव्हेंबर २०१८. लिस्बनजवळच्या अल्वेर्का तळावरून एअर अस्तानाचं एम्ब्राएर १९० विमान उडालं. मोठी देखभाल उरकून ते अल्माटीला परत निघालं होतं. वाटेत मिन्स्कला इंधन भरायचं होतं. प्रवासी नव्हते, तीन वैमानिक आणि तीन तंत्रज्ञ एवढेच. जमीन सुटली, विमान ढगांत शिरलं आणि हेलकावू लागलं. वैमानिक सावरायला जात, तसतसं ते आणखी कलंडे.

पंखांच्या टोकांकडे मागच्या कडेला एलेरॉन नावाच्या झडपा असतात. सुकाणू उजवीकडे फिरवलं की उजवी झडप वर जाते, डावी खाली येते आणि विमान उजवीकडे कलतं. या विमानात सुकाणूची हालचाल एलेरॉनपर्यंत केबलने पोहोचते. देखभालीत त्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. विमान कलवायला मदत करणाऱ्या, पंखांवरच्या स्पॉयलर नावाच्या पट्ट्या मात्र विद्युत संदेशावर चालतात, आणि त्या बरोबर ऐकत होत्या. एकाच हुकुमावर एलेरॉन विमानाला एकीकडे ओढत होते, स्पॉयलर दुसरीकडे. सगळंच उलटं असतं तर कदाचित लवकर उमगलं असतं. अर्धं उलटं आणि अर्धं सुलटं, म्हणून डोकं चालेना. बाहेर क्षितिजही दिसत नव्हतं.

विमान इतकं बेकाबू झालं, की वैमानिकांनी ते समुद्रात उतरवण्यासाठी दिशा मागितली. पण तीही धरता येईना. मग त्यांनी उड्डाणनियंत्रण यंत्रणा ‘डायरेक्ट मोड’वर टाकली, म्हणजे मधल्या संगणकाची लुडबुड काढून टाकली. एलेरॉनचं कोडं सुटलं नाही, पण विमान थोडं ताब्यात आलं. सुकाणू जेवढं कमी फिरवू तेवढं बरं, हेही कळत गेलं. पोर्तुगीज हवाई दलाची दोन एफ-१६ विमानं सोबतीला आली आणि त्यांनी पोर्तुगालमधल्याच बेजा तळाकडे वाट दाखवली. तिथे उतरण्याचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी विमान बाजूला वाहत गेलं आणि ठरलेल्या धावपट्टीऐवजी शेजारच्या समांतर धावपट्टीवर टेकलं. सहाही जण वाचले. हवेतल्या झटक्यांनी सांगाडा मात्र इतका ताणला गेला होता, की विमान भंगारात काढावं लागलं.

चौकशीत जे पुढे आलं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. विमान जमिनीवर असतानाच उड्डाणनियंत्रणात दोष असल्याची सूचना येत होती. तंत्रज्ञांनी तिचा माग काढला, पण मूळ सापडलं नाही. कोणती झडप कुठे वळली, हे कॉकपिटमधल्या पडद्यावर दिसतं. तरीही ना देखभालीच्या चाचण्यांत, ना उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ही उलटापालट कुणाच्या लक्षात आली.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या ए-३२० विमानात दुरुस्तीनंतर कॅप्टनच्या साइडस्टिकच्या, म्हणजे सुकाणूच्या जागी असलेल्या दांड्याच्या, तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. उडताच विमान डावीकडे कललं. कॅप्टन सावरू लागला तसा कल वाढला आणि पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आलं. सहवैमानिकाची साइडस्टिक ठीक होती. त्याने ताबा घेतला म्हणून निभावलं.

दोन्ही विमानांत झडपा हलत होत्या, अडकत नव्हत्या. त्यामुळे ‘हलतंय ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळणार होतं. विचारायला हवं होतं ते ‘कुठल्या बाजूला हलतंय?’ म्हणूनच नियंत्रणाच्या जोडणीला हात लागला, की ज्याने काम केलं नाही अशा दुसऱ्या माणसाने ती स्वतंत्रपणे तपासावी, असा दंडक आहे. ही तपासणी करणाऱ्याने सहीपुरतं न पाहता, सुकाणू उजवीकडे गेल्यावर उजवी झडप वर आली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं.